दम आणि घड्याळ

सगळ्यांत कठीण खेळ कोणता, हा वाद आपल्याकडे निदान दोनशे वर्षं चालू आहे. त्याची एक जुनी फेरी पुण्यात झाली, असं मल्लखांब शिकवणारे सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले. आमच्याशी कुस्ती धरील असा कुणी आहे का, असं त्यांनी पेशव्यांच्या दरबारात विचारलं. कुणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर हा तरुण उभा राहिला. त्याने मुदत मागून घेतली आणि वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिला. तिथे झाडांवर सरसर चढणारी, फांदीला लपेटून राहणारी माकडं पाहून लाकडी खांबावर अंग कमावण्याची युक्ती त्याला सुचली. परत येऊन त्याने गुलाबला चीत केलं. अली मग हौद्यात उतरलाच नाही.

खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही आहे, त्यामुळे बाळंभटदादांनी ही विद्या नव्याने जागवली असं म्हणणं जास्त बरोबर. पण कथा म्हणून ती झकास आहे. फक्त माझ्यासारख्याला त्यात अली आणि गुलाब यांचीही बाजू ऐकावीशी वाटते. त्यांचं गाव कुठलं, वस्ताद कोण, हैदराबाद ते पुणे हा पल्ला त्यांनी कसा काटला, खुराकाचं काय केलं, यातलं कथेत काहीच येत नाही. परमुलखात जाऊन, परक्या मातीत, परक्या पंचांसमोर उभं राहायचं हाही कठीणपणाचाच एक भाग आहे. खेळांची तुलना करताना तो आपण मोजत नाही.

मोजण्याचे प्रयत्न मात्र खूप झाले. २००४ साली अमेरिकेतल्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीने साठ खेळांची एक यादी केली. ताकद, दमसास, चपळाई, लवचीकपणा, धाडस अशा दहा गुणांवर जाणकारांकडून मार्क घेतले आणि बेरीज मांडली. पहिला नंबर आला बॉक्सिंगचा. कुस्ती पाचवी आली. साठावा, म्हणजे शेवटचा नंबर लागला मासेमारीचा. मी चेंबूरचा. आमच्या माहुल गावात आणि ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात जाऊन ही यादी कुणी वाचून दाखवावी आणि धडधाकट परत यावं! अर्थात त्यांना गळ टाकून हौसेने बसणारे अभिप्रेत होते, हे मला कळतं. पण त्या साठांत कबड्डी नव्हती, खो-खो नव्हता, मल्लखांब तर नव्हताच. यादी करणाऱ्याच्या अंगणात जे खेळ खेळले जातात त्यांतलाच एखादा सगळ्यांत कठीण ठरतो. जगात सगळीकडे हेच चालतं, आपल्याकडेही.

मी कविता लिहिणारा माणूस. हे खेळ मी बाहेर उभा राहून पाहिले. आत शिरलो तो शब्दांच्या वाटेने. कुस्ती हा शब्द फारसीतून आला, पहिलवानही तिथलाच. वस्ताद म्हणजे उस्ताद. जोर, खुराक, मैदान हेही तिकडचे पाहुणे, आता घरचे झालेले. तालीम हा शब्द अरबी. आमच्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. पोराची तालीम कुठवर झाली, असं माझी आजी विचारायची तेव्हा तिला इयत्ता हवी असायची. घराबाहेर मराठीत तोच शब्द लाल मातीच्या खोलीला लागतो, आणि नाटकवाल्यांकडे गेला की सरावाला. मल्ल मात्र संस्कृत. चेंबूर कॅम्पात फाळणीनंतर येऊन राहिलेल्या सिंधी मंडळींच्या मुलखातही कुस्तीचा एक प्रकार आहे, त्याला ते मलाखडो म्हणतात. कमरेला गुंडाळलेल्या कापडाला धरून समोरच्याला उचलून टाकायचं. त्या शब्दातही मल्ल लपलेला आहेच.

पण शब्द सारखे असले तरी खेळ एकच राहत नाही. मातीतली आपली निकाली कुस्ती घ्या. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली लाल माती. दोघांनी सलामी द्यायची आणि एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत लढायचं. घड्याळ नाही, गुण नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ साली पुरं झालं. मधला हौदा उंच आणि भोवती वाडग्यासारखा उतार, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकलेली दिसावी. निकाल पंच देत असला तरी त्याला साक्षीला हजारो डोळे असत. त्या मैदानावर सुरुवातीच्या काळात लढलेल्या नामवंतांत पंजाबचा इमामबक्ष होता. त्याचा थोरला भाऊ म्हणजे गामा पहिलवान.

गामाची लंडनमधली कुस्ती या वादात हमखास निघते. १९१० साली तो तिथे गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेतलं नाही. त्याने आव्हान देऊन आधी अमेरिकेच्या रोलरला हरवलं, मग पोलंडचा झिबिस्को समोर आला. ही कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. इतका वेळ काय झालं? झिबिस्को बहुतेक काळ जमिनीला पोट लावून पडून राहिला. त्याला उलटा करणं गामाला जमलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळात हेच दोघे मातीत भेटले आणि मिनिटभराच्या आत निकाल लागला. गामा जिंकला. माणसं तीच, वयं अठरा वर्षांनी वाढलेली, आणि अडीच तासांचं काम एका मिनिटात. मग कठीण होतं ते काय? पायाखालची जमीन आणि लढतीची रीत बदलली की खेळाचा कठीणपणाही बदलतो, एवढं तरी यातून दिसतं.

हे सगळ्यांत कडू रूपात भोगलं ते खाशाबा जाधवांनी. कराड तालुक्यातलं गोळेश्वर हे त्यांचं गाव. जन्म १५ जानेवारी १९२६चा. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला गडी पहिल्यांदाच गादीवर उभा राहिला. नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी, पाय सरकण्याची तऱ्हा वेगळी. तरी फ्लायवेट गटात सहावा नंबर काढला. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तिथे त्यांना तयार केलं होतं.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावं, ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, पण तिच्यापाशी आलो की अजून थांबतो. त्या माणसाच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल?

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना मागे टाकलं. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. पंधरा मिनिटांची ती झुंज खाशाबा थोडक्यात हरले. इशीला पुढे सुवर्णपदक मिळालं. पुढची लढत होती सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेकोवशी. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. खाशाबांना लगेच गादीवर बोलावण्यात आलं, आणि त्यांच्या वतीने नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं या लढतीबद्दल नेहमी सांगितलं जातं. थकलेला माणूस हरला. कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, ते लिअँडर पेसचं.

आता या लढतीत कठीण काय होतं ते तुम्हीच सांगा. इशीचे डाव? ममदबेकोवची ताकद? मला विचाराल तर तो न मिळालेला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काय झालं असतं ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो मागायला शेजारी एक माणूस असायला हवा होता.

आमचे अब्बा कराडकडचे. पदक घेऊन खाशाबा परत आले तेव्हा अब्बा बारा वर्षांचे होते. शंभरावर बैलगाड्यांची ती मिरवणूक त्यांनी पाहिली होती आणि तिचं वर्णन ते दर वेळी दोन-चार गाड्या वाढवूनच करत. मिरवणुकीनंतरचं ते सांगत नसत. ते मी पुढे वाचलं. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावून पैसा जमवला आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर लागला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० साली त्यांचं नाव दिलं गेलं, आणि १५ जानेवारी हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.

अब्बा तरुणपणी पोटासाठी मुंबईला आले आणि चेंबूरच्या एका कारखान्यात लागले. इथे त्यांची गाठ पडली ती शेजारच्या खोलीतल्या मालवणी काकांशी. काका कबड्डीवाले. १९५४-५५मध्ये माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, साठीच्या दशकात ट्रॉम्ब्याला खताचा कारखाना आला, आणि त्यांच्या धुराखाली कामगारांच्या वसाहती वाढल्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या पोरांनी मोकळ्या पटांगणात चुन्याच्या रेघा मारल्या. रविवारी संध्याकाळी काका आणि अब्बा जिन्यात बसून वाद घालायचे.

काका म्हणायचे, “भाई, तुमच्या कुस्तीत समोर एक माणूस. आमच्या पोराला एकट्याने सातांच्या घरात जायचं, तेही एका दमात. श्वास सुटला की बाद.”

अब्बा मुंबईत तीस वर्षं राहूनही कराडी बोलत. “आरं, सात असू देत न्हायतर सतरा. परत यायला मधली रेघ हाय का न्हाय? रेघंला बोट लागलं की सुटला गडी. कुस्तीत रेघ कुठं हाय, सांग की!”

यावर काका गप्प व्हायचे आणि पुढच्या रविवारी नवा मुद्दा घेऊन यायचे.

मला आता वाटतं, दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. दम हा शब्दही फारसी. त्याचा अर्थ श्वास. आपल्याकडे हुतूतू होता तेव्हा हा दमच खेळाचं घड्याळ होता. फुप्फुसात हवा आहे तोवर चढाई चालायची. बारक्या छातीच्या पोराची चढाई लहान, तयारीच्या गड्याची लांब. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवली तेव्हा लिखित नियमांना वळण मिळालं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९३८ला कबड्डी राष्ट्रीय खेळांत आली. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी आयुष्य या खेळाला दिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक झालं आणि १९९०ला बीजिंगमध्ये कबड्डीला पदक लागलं. तेव्हापासून सलग सात वेळा सुवर्ण भारतालाच मिळालं. २०१८ला जाकार्तात इराणने ती साखळी तोडली. २०२३मध्ये हांगझोऊला पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी सुवर्ण परत आणलं.

या प्रवासात दमावर घड्याळ बसलं. आता चढाई तीस सेकंदांची. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणणं नियमात आहेच, पण मातीच्या जागी गादी आली, पायात बूट आले, दिवे आले, आणि पंचाच्या कानापेक्षा पडद्यावरचे आकडे महत्त्वाचे झाले. खेळ सोपा झाला का? मुळीच नाही. तीस सेकंदांत बोनस रेषा गाठायची, साखळी फोडायची आणि मांडीला मिठी बसायच्या आत मागे यायचं, हे पूर्वीपेक्षा वेगवान काम आहे. पण वेगळं आहे. लांब दमाचा, सावकाश खेळून समोरच्यांना दमवणारा गडी या खेळातून हळूहळू गेला. त्याचं कसब कमी नव्हतं. घड्याळ लावणाऱ्यांनी ते मोजायचं सोडलं.

मातीतल्या कुस्तीचंही तेच. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन रस्ते असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला गादीच्या निर्णायक लढतीत पंचांनी शिवराज राक्षेची पाठ टेकली असं जाहीर केलं. त्याला ते मान्य नव्हतं. त्याने पंचांना लाथ मारली. नंतर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड लढत सोडून निघून गेला. किताब पृथ्वीराज मोहोळला मिळाला आणि त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणं अक्षम्यच. अब्बा असते तर तालमीतून हाकला म्हणाले असते. पण पाठ टेकली की नाही याचा निर्णय क्षणभरात एका माणसाच्या नजरेवर जातो, तेव्हा मल्लाला ताकदीपेक्षा सबुरीची कसोटी जास्त लागते, हेही खरं.

क्रिकेटवाले या वादात फारसे पडत नाहीत. त्यांना गरज नाही. पण त्यांच्या इतिहासातही एक माणूस आहे, ज्याच्यासाठी क्रिकेट जगातला सर्वांत कठीण खेळ होता. बाळू पालवणकर. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत असे. पुढे हिंदूंच्या संघात आला तेव्हा मैदानावर सगळे त्याच्या चेंडूला हात लावत, चहाला मात्र त्याला वेगळ्या भांड्यात, तंबूच्या बाहेर. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. १९२३मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला. ईएसपीएनच्या त्या दहा गुणांत बाहेर बसून चहा पिऊन परत अचूक टप्पा टाकण्यासाठी रकाना नव्हता.

खो-खोबद्दल थोडंच सांगतो, कारण तो पाहण्याचा खेळ आहे, सांगण्याचा नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम १९१४च्या सुमारास बांधले. त्यातली गोम अशी, की पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कुठेही शिरता येतं, पण पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की उलटं फिरता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही. म्हणजे पकडणाऱ्याचेच पाय नियमांनी बांधलेले. जगातल्या बहुतेक शिवाशिवीच्या खेळांपेक्षा ही उलटी तऱ्हा आहे आणि मला ती फार आवडते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम फेरीत नेपाळला हरवून दोन्ही चषक भारताने घेतले आणि दोन्ही कप्तान, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते.

आणि बाळंभटदादांचा मल्लखांब? कुस्तीच्या तयारीचं साधन म्हणून जागवलेला तो खांब आज स्वतंत्र खेळ आहे. एरंडेल लावलेल्या लाकडाला मांड्यांची मिठी मारून माणूस डोकं खाली, हात मोकळे असा राहतो. समोर शत्रू नाही, रेघ नाही. दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी तो पिढ्यांना शिकवला, दृष्टिहीन मुलामुलींनाही शिकवला. २०१९ साली शिवाजी पार्कवरच त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. २०२४मध्ये देशपांड्यांना पद्मश्री मिळाली. दृष्टिहीन मूल खांबावर चढतं तेव्हा ‘कोणता खेळ कठीण’ हा प्रश्न विचारायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या जिन्यातल्या वादाला मात्र आणखी एक पदर होता, तो मला फार उशिरा कळला. काकांना नोकरी कबड्डीने दिली होती. त्या काळी मुंबईत कारखाने, बँका, रेल्वे यांचे संघ असत. भारत पेट्रोलियम, महिंद्र, एअर इंडिया, मध्य रेल्वे असे संघ व्यावसायिक स्पर्धांत उतरत आणि चांगल्या चढाईच्या पोराला साहेब लोक मैदानावरच हेरत. काकाही असेच हेरले गेले होते. त्यांच्यासाठी एकेक चढाई म्हणजे महिन्याचा पगार, गावाकडच्या बहिणीचं लग्न, कोकणातल्या घराची कौलं. गुडघा दुखावला तर हे सगळं गेलं. अब्बांच्या कुस्तीला इथे कुणी विचारत नव्हतं. मुंबईत माती कुठली आणि खुराकाला दूध कुठलं? त्यांनी लंगोट ट्रंकेत ठेवला तो ठेवलाच. दर रविवारी कुस्तीची बाजू लढवणारा माणूस कुस्ती सोडून आलेला होता, आणि समोरच्याला हे माहीत होतं. त्या मालवणी माणसाने मधली रेघ नसण्याचा मुद्दा इतकी वर्षं का सोडून दिला, याचं कारण मला तिथे दिसतं.

आता कंत्राटी कामगारांच्या जमान्यात खेळाडूंसाठीच्या नोकऱ्या आटल्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला लिलाव आले आहेत. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली, तिच्या २०२३च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांहून जास्त बोली लागली. काकांना हा आकडा सांगितला तर ते म्हणाले, “मिळू देत रे, पोरांचे गुडघे तेवढेच महाग असतात.”

अब्बा आता नाहीत. काका थकले आहेत, पण सामना असला की टीव्हीपुढे बसतात, आणि आवाज बंद करून बसतात. समालोचकांचा आणि भोंग्यांचा गोंगाट त्यांना नको असतो. चढाई करणाऱ्याचे ओठ हलतायत की नाहीत, तेवढं ते पाहतात.